पिवळ्या पेन्सिलीच्या खुणा

मित्रांनो, मी एक जुनं संकलनाचं टेबल आहे. टेबल म्हटल्यावर तुमच्यातला एखादा लगेच माझ्यावर डबा उघडून बसेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी तसलं टेबल नव्हे. माझ्या पाठीवर थाळीएवढ्या सहा लोखंडी चकत्या आहेत. मधोमध एक छोटा पडदा आहे, त्याच्यामागे दिवा आहे, आणि खाली पायानं दाबायचं पॅडल आहे. पूर्वी चित्रपट फिल्मच्या लांबलचक पट्टीवर निघायचे. एका सेकंदाला चोवीस छोटी चित्रं, त्यांना आम्ही चौकटी म्हणतो. ती पट्टी माझ्यावर फिरवायची, हवं तिथं थांबवायची, कापायची आणि जोडायची. कुठलं चित्र कुठल्या चित्रानंतर यावं हे जिथं ठरायचं, ती जागा मी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंड, त्यावर हिरवा रंग, आणि वजन इतकं की मला स्टुडिओच्या दुसऱ्या मजल्यावर चढवताना सहा जणांनी मला शिव्या घातल्या. मी ज्या खोलीत आलो तिला एकच खिडकी होती आणि तीही काळ्या कापडानं झाकलेली. भिंतीवर ओळीनं खिळे, खिळ्यांना फिल्मचे तुकडे लटकलेले, खाली कापडी पिशवी. खोलीभर डिंकाचा आणि आंबट रसायनाचा वास. तुम्हाला नाक मुरडावंसं वाटेल. मला मात्र दुसरी हवा माहीतच नव्हती.

त्या खोलीचे मालक म्हणजे साहेब. ते मुख्य संकलक, नावाजलेले, उजव्या हातात कायम सिगारेट. आणि माझ्यासमोर स्टुलावर बसायची ती ताई. एकोणीस वर्षांची असताना तिला फिल्मचे तुकडे जोडायच्या कामावर घेतलं होतं. बायकांना शिवणटिपणाची सवय असते, बोटं नाजूक असतात, वर तोंड करून बोलत नाहीत, म्हणून जोडणीला बायकाच ठेवायच्या, असा तिथला शिरस्ता होता. यातली बोटांची गोष्ट खरी निघाली. बाकीचं तितकंसं नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझी सगळी कहाणी तिच्यावर उभी आहे. फिल्म कुठं कापायची ते मेणाच्या पेन्सिलीनं पट्टीवरच खूण करून ठरवत. स्टुडिओतून साहेबांना लाल पेन्सिल मिळायची आणि ताईला पिवळी. साहेबांनी लाल खूण करायची, ताईनं तिथं कापून जोडायचं, एवढंच तिचं काम. पण साहेब दिवसातून तासभर टेकायचे. उरलेला वेळ खालच्या बागेत पाहुणे, चहा आणि गप्पा. ताईला त्यांची खूण पटली नाही की ती पिवळ्या पेन्सिलीनं लाल खूण खोडायची, पुढंमागं सरकून आपली खूण करायची, आणि शेजारी किती चौकटी ठेवल्या तो बारीक आकडा टाकायची. ती डावखुरी होती, म्हणून तिची रेघ उलट्या बाजूला कललेली. हजार खुणांतून मी तिची खूण ओळखली असती.

एका चित्रपटात एक प्रसंग होता. मोठ्या घरात कामाला आलेली एक तरुण बाई गुडघ्यांवर बसून जिना पुसते आहे आणि वरच्या पायरीवर उभा राहून घरमालक तिच्याकडे बघतो आहे. दिग्दर्शकानं सगळं त्या मालकाच्या डोळ्यांनी टिपलं होतं. कॅमेरा बाईच्या मानेवरून पाठीवर, पाठीवरून कमरेवर, ओल्या कपड्यांवरून सावकाश खाली घसरायचा. साहेबांनी लाल खुणा करून त्यातली चाळीस सेकंदं ठेवली होती. ताईनं ते दोनदा फिरवून पाहिलं. मग पॅडलवरून पाय काढला आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीत हात घातला. फेकायचे म्हणून टाकलेले तुकडे एकेक करून बाहेर काढले. एका तुकड्यात त्या बाईनं सहज वर पाहिलं होतं. कॅमेरा चालू राहिला होता एवढंच, तो तुकडा कुणाला नको होता. दुसऱ्यात खालून दिसणारा मालक होता, पोट सुटलेला, शर्टाच्या बटणाशी चाळा करणारा. ताईनं मालकाचं ते बघणं कापून कापून सेकंदाच्याही आत आणलं आणि त्याला लागून त्या बाईचं वर पाहणं जोडलं, लांबलचक, पापणी न हलवता. आधी तो तिला बघत होता. आता ती त्याला बघत होती, आणि तो ओशाळलेला दिसत होता. चित्रीकरण तेच, माणसं तीच, पण प्रसंग पार उलटा झाला.

साहेबांनी पाहिलं आणि सिगारेट विझवली.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मालक बघतोय हे तिला कळतं ना साहेब, मग ती वर बघणारच."

"दिग्दर्शक फाडून खाईल मला."

"मग सांगा की ताईनं चूक केली म्हणून. मी परत जोडून देते."

साहेबांनी ते तसंच दिग्दर्शकाला दाखवलं. दिग्दर्शकानं फाडून खाल्लं नाही, गळ्यात पडला. चित्रपट गाजला, आणि गाजला तो जिन्याच्या प्रसंगामुळंच. स्त्रीच्या मनात इतकं शिरलेला पुरुष संकलक झाला नाही, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. श्रेयनामावलीत संकलक म्हणून साहेब एकटे. तिसऱ्या दिवशी फोटो काढायला लोक आले. साहेबांनी माझ्या चकतीवर हात ठेवला. "ताई, जरा बाजूला व्हा, सावली पडते," असं फोटोवाला म्हणाला आणि ती झाली बाजूला. मला त्या दिवशी फार मिरवावंसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. माझाही फोटो पहिल्यांदाच निघत होता.

अशी तेवीस वर्षं गेली. ताई जोडणीवाली म्हणून आली आणि जोडणीवाली म्हणूनच गेली. नंतर संगणक आले. जे काम करायला मला आठवडा लागायचा ते काम म्हणे आता बसल्याबसल्या होतं. स्टुडिओ बंद पडला, आणि मी, माझ्याबरोबर फिल्मचे शेकडो डबे, अशी सगळी वरात एका विद्यापीठाच्या चित्रपट विभागाला दान झाली. दान म्हणजे काय, अडगळ एका घरातून दुसऱ्या घरात. डबे तळघरातल्या भांडारात गेले. मला वऱ्हांड्यात ठेवलं. माझ्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, चहाचे उष्टे कप, एकदा तर कुणाचं तरी ओलं जर्किन. हिरवा रंग पोपडे होऊन गळायला लागला. कुणी विचारत नव्हतं आणि मीही कुणाला विचारत नव्हतो.

आणि मग संशोधक आली. तिशीची, जाड चष्मा, खांद्याला फाटकी पिशवी, बोलायला लागली की हात थांबत नसत. चित्रपटात बाईकडे कोण बघतं, कुणाच्या डोळ्यांनी बघतं आणि ते कोण ठरवतं, यावर ती प्रबंध लिहीत होती. जिन्याचा प्रसंग तिच्या प्रबंधाचा गाभा. तो एका पुरुषानं असा कापला हे तिला चार वर्षं खटकत होतं. शोधत शोधत ती ताईच्या दारात पोचली. ताई आता ब्याऐंशीची, भाचीच्या घरी मागच्या खोलीत, डोळ्यांना अंधुक दिसणारी. संशोधक तिला "आजी" म्हणाली, तेव्हा "आजी कुणाला म्हणतेस, मला सगळे ताईच म्हणतात," असं तिनं पहिल्याच भेटीत बजावलं. आणि मग आमच्या खोलीबाहेर कधीच न गेलेली गोष्ट सांगितली.

हे सगळं मला कसं कळलं? माझ्याशेजारीच तिच्या मार्गदर्शक सरांची खोली होती आणि त्या खोलीचं दार कधी लागत नसे.

"आठवण म्हणजे पुरावा नव्हे," सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण तोलूनमापून बोलायचा. "साहेब गेले. त्यांचा मुलगा कोर्टात खेचेल. मला कागद दाखव."

"कागद नाही सर, पण कच्ची प्रत आहे. कापताना वापरतात ती. तिच्यावर ताईंच्या खुणा आहेत. तळघरात अकरा डबे आहेत."

"मग परीक्षकांना दाखवता येईल अशी तिची नक्कल आण. खुणा दिसल्या तर मी स्वतः तुझ्या बाजूनं उभा राहीन."

भांडारातला तंत्रज्ञ बोलावला गेला. तो तीस वर्षं फिल्म सांभाळणारा, कामाला वाघ, बोलायला घुमा. त्यानं माझा पट्टा बदलला, दिवा बदलला, तेल घातलं. मी कुरकुरलो, पण फिरलो. पाचवं रीळ लावलं आणि जिना आला. लाल खूण, तिच्यावर फुली मारणारी पिवळी खूण, उलटी कललेली, शेजारी आकडा. पुन्हा लाल, पुन्हा पिवळी. संशोधक घाईघाईनं वहीत आकडे उतरवत होती. फोटो काढता आले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण साहेबांनी पुढं विकत घेतलेले चित्रपटाचे हक्क आता त्यांच्या मुलाकडे, त्याच्या परवानगीशिवाय फोटो नाही, फिल्म बाहेर असेपर्यंत फोन भांडाराच्या दारातल्या खणात ठेवायचा असा नियम. नियम मोडून आणलेला पुरावा उलट आपल्यालाच बाधेल, म्हणून तिनं तो पाळला. सगळे डबे संगणकावर उतरवून घेण्यासाठी रीतसर परवानगी मागितली. परवानगी यायला चार महिने लागले. ती आली तेव्हा प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते आणि ताईनं अंथरूण धरलं होतं.

"तुझं पुस्तक कधी होतंय?" ताई फोनवर विचारायची. फोनचा आवाज मोठा करून संशोधक माझ्याशेजारीच उभी असायची. "मला काही हार नकोत गं. तो जिना मी कापला, एवढं कुणीतरी लिहून ठेवलेलं ऐकायचंय. मग मी मोकळी."

अकरा डबे संगणकावर उतरवायचे म्हणजे अकरा अर्ज. अर्जात एक ओळ असायची: प्रत स्वच्छ करून हवी, की जशी आहे तशी. त्या विभागात पहिल्या वर्षापासून एकच शिकवण. धुळीची, ओरखड्यांची प्रत दाखवाल तर काम परत पाठवू. पडद्यावर चित्र कसं दिसतं, त्याचा अर्थ काय, यावर ही माणसं दिवस दिवस वाद घालत. पट्टीवर काय असतं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. संशोधकानं आतापर्यंत असे तीसेक अर्ज भरले असतील आणि प्रत्येकावर पहिल्याच चौकोनात खूण केली असेल. माझ्याच पाठीवर ठेवून तिनं हे अकराही भरले, एका हातानं भाचीचा फोन धरून. अकराही अर्जांवर पहिल्याच चौकोनात खूण. मी बघत होतो. मला काय करता येणार होतं?

त्याच दिवशी ताईला दवाखान्यात नेलं आणि संशोधक तीन दिवस तिच्यापाशी होती. इकडे तंत्रज्ञानं माझ्यावर पहिलं रीळ चढवलं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना रसायनात भिजवलेलं मखमली कापड धरलं आणि मला सावकाश फिरवायला लागला. धूळ गेली, तेलाचे डाग गेले. लाल मेण गेलं. पिवळं मेण गेलं. जिथं खूण चिवट होती तिथं मला थांबवून त्यानं बोटानं घासली. कापड बदलत होता, नवं घेत होता. तीन दिवस तो मान मोडून काम करत होता आणि मी फिरत होतो. मित्रांनो, मी जन्मात इतका गुळगुळीत कधी फिरलो नव्हतो. त्याचीच मला अजून शरम वाटते.

चौथ्या दिवशी संशोधक आली. तंत्रज्ञानं कौतुकानं पाचवं रीळ लावून दाखवलं.

"एक ठिपका ठेवला नाही बघा."

ती वाकली. एक हात चकतीवर ठेवला. पट्टी हातानं मागं घेतली, पुढं घेतली, पुन्हा मागं घेतली.

"खुणा कुठायत?"

"कसल्या खुणा?"

"पिवळ्या. पिवळ्या होत्या ना हो इथं."

"त्या मेणाच्या? त्या काढाव्याच लागतात, नाहीतर उतरवलेल्या प्रतीत डाग येतात." त्यानं अर्ज पुढं केला. "तुम्हीच लिहून दिलंत, स्वच्छ करून."

तिनं अर्ज पाहिला. आपलीच खूण पाहिली. ती ओरडली नाही, त्याच्यावर चिडलीही नाही. खाली फरशीवर बसली, माझ्या पायाला टेकून. तंत्रज्ञाला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो वापरलेली कापडं शोधायला कचऱ्याच्या डब्याकडे धावला. कापडं होती. त्यांवर लाल-पिवळ्याचा एक मळकट राडा होता, बस.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "वही तुझ्या हातची, आणि तंत्रज्ञाचं सांगणं म्हणजे पुन्हा आठवणच," ते म्हणाले. "परीक्षक विचारतील, मूळ कुठाय. हे प्रकरण काढून टाक. बाकीचा प्रबंध चांगला आहे." संशोधक म्हणाली, "बाकी काही नाहीच आहे सर." तरी सही त्यांची हवी होती आणि तारीख जवळ आली होती.

ताई दवाखान्यातून घरी आली आणि हट्टालाच पेटली. मला तिथं घेऊन चला, टेबल बघायचंय. एका दुपारी भाचीनं तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. पायऱ्यांवरून तंत्रज्ञानं आणि संशोधकानं खुर्ची उचलून वर घेतली. ताईनं माझ्यावरून हात फिरवला. पोपडे चाचपले.

"अगदी माझ्यासारखीच गत झाली की रे तुझी," ती मला म्हणाली. मी एवढा लोखंडाचा, पण मला गलबलून आलं.

"मावशी, दमशील. पाच मिनिटं हं," भाची म्हणाली.

"जिना लाव," ताई म्हणाली.

जिना लागला. पट्टी फिरायला लागली, काचेसारखी स्वच्छ. ताई पडद्याजवळ तोंड नेऊन बघत होती, पण तिला उजेड आणि हलत्या सावल्या यापलीकडे काही दिसत नसणार.

"माझ्या खुणा आहेत ना गं?"

बाजूला तंत्रज्ञ उभा होता. त्यानं मान खाली घातली. संशोधक खरं सांगायचं ठरवूनच आली होती, सकाळपासून वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत तिनं चार वेळा वाक्यं जुळवलेली मी ऐकली होती. तिनं तोंड उघडलं.

"आहेत ताई. सगळ्या आहेत."

"मग वाच की. मला आता वाचवत नाही."

संशोधकानं पिशवीतून वही काढली, आवाज न करता पान उलटलं आणि त्या कोऱ्या पट्टीकडे बघत वाचायला लागली. "पहिल्याला चौतीस चौकटी. मग बावन्न. मग मालकाचं बघणं, सतरा."

"एकोणीस," ताई म्हणाली.

"सतरा लिहिलंय इथं, ताई."

"नीट बघ. सतरा ठेवल्या असत्या तर तो कुठं बघतोय तेच कळलं नसतं. एकवीस ठेवल्या असत्या तर लोकही त्याच्यासारखंच बघायला लागले असते. तीन दिवस घातलेत मी त्या दोन चौकटींसाठी. एकोणीसच."

संशोधकानं मला थांबवलं. पट्टी उचलून दिव्यासमोर धरली आणि नखानं एकेक चौकट मोजली. मीही तिच्याबरोबर मोजत होतो, जरी मला मोजायची गरज नव्हती. एकोणीस होत्या. घाईत तिनंच वहीत चुकीचं उतरवलं होतं.

"एकोणीस," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र तिनं सरळ ठेवला होता.

"मग झालं तर," ताई म्हणाली. "आता कुणी नाही म्हणू शकणार नाही."

ताई घरी गेल्यावर संशोधक तशीच सरांच्या खोलीत गेली. डोळ्यांनी दिसत नसताना ताईंनी चौकटींचा आकडा बरोबर सांगितला, असं म्हणाली. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तिनं तो चित्रपट शंभरदा पाहिला असेल." "चौकटी मोजत चित्रपट कोण बघतं, सर?" यावर त्यांनी मान डोलावली. पण जिन्याचं प्रकरण प्रबंधातून काढावंच लागलं. त्याच्या जागी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप आली: तेथे जोडणीचे काम करणाऱ्या एका महिलेच्या आठवणीनुसार या प्रसंगात तिचाही सहभाग होता. सहभाग होता म्हणे. प्रबंध मान्य झाला. ताई त्याआधी पाच आठवडे गेली, सगळं लिहून झालंय अशा समजुतीत. संशोधक आता दुसऱ्या कुठल्या तरी गावी शिकवते. जाताना ती मला भेटायला आली होती. माझी चकती एकदा फिरवली आणि गेली.

आता माझे दिवस पालटले आहेत. त्या स्वच्छ प्रतीमुळे चित्रपट पुन्हा पडद्यावर आला, वाहवा झाली, आणि विभागाला माझी आठवण झाली. मला नवा हिरवा रंग दिला आहे. वऱ्हांड्यातून दर्शनी दालनात आणलं आहे, भोवती दोरी बांधली आहे. उद्या पितळी पाटी ठोकायला माणूस येणार. जिन्याचा तो अजरामर प्रसंग साहेबांनी याच टेबलावर साकारला, असं तिच्यावर कोरलेलं आहे. चार स्क्रूंनी ती माझ्या छातीवर बसेल आणि मी भंगारात जाईपर्यंत तिथंच राहील.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी आणि त्या फिल्मची काळजी घेणाऱ्यानं फार मनापासून घेतली होती. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही कधीतरी शाळेच्या सहलीबरोबर इथं याल, दोरीपलीकडे रांगेत उभे राहाल आणि तुमच्या बाई तुम्हाला पाटी मोठ्यानं वाचायला सांगतील. खुशाल वाचा. वाचून झाल्यावर मात्र हात वर करा आणि विचारा, या टेबलाशी रोज बसायचं कोण. बहुधा कुणाला सांगता येणार नाही. बाई म्हणतील, पुढं चला. तरी विचारा. मला ठाऊक आहे, पण मला बोलता येत नाही.